साळवे मॅडमचा फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्यासमोर माणूस नको ते बोलून बसतो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तरी नाव नसल्यामुळं तुम्हाला खात्री करता येणार नाही. बघा, सुरुवातीलाच मी स्वतःची सोय लावायला लागलो.

आता का सांगतोय, अशी शंका तुम्हाला येणार. यायलाच पाहिजे. मलाही येते. मन हलकं करायचंय? की कधी ना कधी बाहेर पडणारच, तर आपल्या तोंडून पडलेलं बरं, असा हिशेब आहे? खरंच सांगता येत नाही. माझ्या चांगल्या हेतूंवर माझा आता फारसा भरवसा उरलेला नाही.

शंका हा माझा मूळचा स्वभाव. पुढं त्याचाच पगार मिळायला लागला. सोमेश्वरनगरला आमचं घर. लहानपणी दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा मीच, आणि उसाची गाडी काट्यावर चढली की वडिलांच्या आधी आकड्याकडं डोळे लावून उभा राहणाराही मीच. अजूनही मोरगावला दर्शनाला गेलो की एक चप्पल कमानीपाशी काढतो आणि दुसरी पार फुलवाल्याच्या पलीकडं — चोर एकाच पायाची चप्पल कशाला नेईल? बायको हे सगळ्या पावण्यारावळ्यांत सांगून हसते. "लग्नात अंतरपाट धरला तवाबी ह्यांनी खालनं वाकून बघितलं, पोरगी तीच हाय का म्हणून," असं सांगते. हे खोटं आहे. पण ऐकणाऱ्या कुणालाच ते खोटं वाटत नाही.

बारामतीजवळच्या एका महाविद्यालयात मी संगणक विभाग सांभाळतो. शिकवत नाही. नेटवर्क, ईमेल, परीक्षेची पोर्टलं, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तोही. आणि सगळ्या स्टाफला सायबर सुरक्षेचं मार्गदर्शन. हे शेवटचं काम मला मनापासून आवडायचं. समोर सगळे डॉक्टरेटवाले बसलेत, आणि मी — साधा डिप्लोमावाला — त्यांना सांगतोय की तुम्हाला कुणीही गंडवू शकतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

माझा नियम साधा होता. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. शंका आली की थांबा. आणि मला फोन करा. मला विचारल्याशिवाय काही उघडू नका. हे मी मोठ्या अक्षरात छापून स्टाफरूममध्ये चहाच्या टेबलावर लावलं होतं. दुसरीकडं लोकांना स्वतः तपासायला शिकवत असतील. आमच्याकडं मला विचारायला शिकवलं. मी असं का केलं असेल? काळजी होती की मिरवायची हौस? तेव्हा मी काळजी म्हणालो असतो.

लोक विचारायला लागले. दिवसभर एकच — "सर, उघडू का?" वीजबिलाचा मेसेज, भाच्याच्या साखरपुड्याची पत्रिका, कारखान्याच्या सभेची नोटीस. कार्यालयाचे अधीक्षक आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांचा तर रोज एक फोन ठरलेला. "सर, ह्यो व्हिडिओ उघडू का? पावण्यानं धाडलाय, पर पावण्याचाच भरवसा न्हाय." सुरुवातीला मी प्रत्येक गोष्ट बघायचो. स्क्रीनचा फोटो मागवायचो, पत्ता वाचून दाखवा म्हणायचो. मग कंटाळलो. "नका उघडू" म्हटलं की का ते समजावत बसावं लागतं. "उघडा" म्हटलं की फोन खाली ठेवता येतो. आणि बहुतेक वेळा खरंच काही वाईट नसायचं, त्यामुळं माझं "उघडा" खरं ठरत गेलं. लोक मला मानत गेले. मी बघणं सोडलंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. शंका घ्यायचा पगार घेणाऱ्या माणसानं शंका घेणं बंद केलं होतं — फक्त कामाच्या वेळेत. घरी दूध अजून बघत होतोच.

आता साळवे मॅडम.

सुजाता साळवे. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि महाविद्यालयाच्या परीक्षा अधिकारी होत्या. इंदापूरजवळच्या गावातून रोज एसटीनं यायच्या. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध धम्म स्वीकारला, वडील प्राथमिक शाळेत गुरुजी, आणि मॅडम घरातल्या पहिल्या डॉक्टरेट — हे त्या स्वतः कधी सांगायच्या नाहीत, आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. परीक्षा अधिकारी व्हायला आमच्याकडं कुणी राजी नसतं. सुट्ट्या जातात, शिव्या मिळतात, आणि काही चुकलं की नाव एकट्याचं. मॅडमना मात्र ते पद हवं होतं, आणि त्यांनी ते असं सांभाळलं की "मॅडमनी सांगितलंय" म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारायचंच नाही. प्राचार्यही नाही. त्यांच्या शब्दाची कुणी फेरतपासणी करत नव्हतं. आमच्या भागात, त्यांच्या घरातून आलेल्या बाईला हे मिळवायला काय काय करावं लागलं असेल, ह्याचा विचार मी तेव्हा केला नाही. मला त्यांचा थोडा वैतागच यायचा. माझे नियम शब्दशः पाळणाऱ्या त्या एकट्याच होत्या, त्यामुळं त्यांचे फोन लांबायचे.

त्या दिवशी मी रजा टाकून इंदापूरला तहसील कचेरीत होतो. सासरे वारले होते, त्यांच्या जमिनीची वारस नोंद करायची होती. मेहुणा बरोबर. सकाळपासून रांग, वर ऊन, आणि आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतला लेखनिक जेवायला उठायच्या बेतात. तेवढ्यात मॅडमचा फोन.

त्या काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं आठवतं. का आठवतं, ते पुढं कळेल. म्हणाल्या, "सर, पासवर्ड बदलायची मेल आलीय. खाली नाव तुमचं आहे, पण पत्ता आपल्या कॉलेजचा वाटत नाही. शेवटी काहीतरी जास्तीचं जोडलंय. उघडू का?"

मी म्हणालो, "हो हो, माझीच आहे. भरून टाका."

त्यांनी परत विचारलं. "नक्की ना, सर?"

"अहो मॅडम, नक्की."

आदल्याच दिवशी मी सगळ्यांना पासवर्ड बदलायची सूचना पाठवली होती. ती त्यांनी आत्ता बघितली असेल, असं मी धरून चाललो. पण हे सांगताना मी हळूच बचावाकडं सरकतोय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. पत्त्याचं त्यांचं वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. मी त्यावर क्षणभर अडखळलोही होतो. आणि लेखनिक खुर्ची मागं सरकवत होता, आणि मेहुणा दंडाला धरून म्हणत होता, "दाजी, फोन ठिवा वो, तो चालला!" मी फोन ठेवला. नोंद झाली. आम्ही स्टँडसमोर भजी खाल्ली.

ती मेल माझी नव्हती. दुपारपर्यंत मॅडमच्या खात्यावरून सगळ्या विद्यार्थ्यांना मेल गेली — हॉल तिकीट हवं असेल तर इथं माहिती भरा. बाकी कुणाची मेल असती तर मुलांनी दुर्लक्ष केलं असतं. पण ही साळवे मॅडमची होती. मुलांनी धडाधड भरलं. त्यांची खाती अडकली, विद्यापीठानं आमच्या महाविद्यालयाची परीक्षेची जोडणीच बंद केली, आणि परीक्षा तोंडावर असताना खरी हॉल तिकिटं निघेनात. दुसऱ्या दिवशी गेटवर पालक. कुणी ऊसतोड थांबवून आलेला, कुणी शेळ्या शेजाऱ्यावर सोपवून. सगळे एकच नाव घेत होते.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो कबुलीजबाब. बेपर्वाईनं "नक्की" म्हणालो. मलाही आवडलं असतं इथं थांबायला. एवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं — कदाचित प्रशिक्षणात विनोद म्हणून.

मी दुसऱ्या दिवशी सूचना काढली की सगळ्या स्टाफनं आपापले फोन आणि लॅपटॉप तपासणीला द्यावेत. ह्यात वावगं काहीच नव्हतं, अशा वेळी ते करायचंच असतं. पण मला घाई होती ती एकाच फोनची. मॅडमच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात, हे मला ठाऊक होतं. ती सोय मीच त्यांना लावून दिली होती. परीक्षेच्या काळात कोण काय सांगतं, कोण कसला दबाव आणतं, त्याचा पुरावा जवळ असावा — हा सल्लाही माझाच.

फोन घेऊन सगळ्यांत आधी त्याच आल्या. डोळे सुजलेले. लॉक उघडून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, काय बघायचं ते बघा. माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही." मी विचारलं, "अनावश्यक काही असेल तर साफ करू का?" त्या म्हणाल्या, "करा." आणि वर्गावर गेल्या. तासाची घंटा झाली होती.

मी केबिनचं दार लावून घेतलं. रेकॉर्डिंग सापडलं. ऐकलं. तोपर्यंत मला स्वतःची समजूत घालता येत होती — पत्त्याचं त्या खरंच बोलल्या होत्या का? की मला तसं नंतर वाटायला लागलंय? ते ऐकल्यावर ही वाट बंद झाली. त्यात सगळं होतं. त्यांचं वाक्य, माझं "हो हो", त्यांचं "नक्की ना", माझा वैतागलेला आवाज, मागून मेहुणा. मी दोनदा ऐकलं. मग पुसलं.

नुसतं तेवढंच पुसलं असं नाही. तो सगळा फोल्डरच पुसला. का, ते सांगतो, पण जरा थांबा. आधी चौकशीचं सांगू द्या.

समिती नेमली. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य — त्यांना सगळे आबा म्हणायचे — आणि तज्ज्ञ म्हणून मी. म्हणजे ज्याची चौकशी व्हायची, तो टेबलाच्या बरोबर उलट्या बाजूला बसलेला, समोर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. मॅडम सरळ बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं. "मी सरांना फोन केला होता. पत्ता वेगळा आहे हेही सांगितलं होतं. सर 'माझीच आहे' म्हणाले, म्हणून मी उघडली."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. पण मी काही बोलायच्या आधीच मॅडमनी पर्स उघडली. "माझ्या फोनमध्ये कॉल असतो. ऐकवतेच." आणि शोधायला लागल्या. खाली सरकवलं, वर सरकवलं, बाहेर आल्या, परत आत गेल्या. तिथं काहीच नव्हतं. चेहरा असा उतरला की आबांनी त्यांच्यापुढं पाणी सरकवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं — तुम्हाला वाटेल संशयानं. नाही. मदतीसाठी. "सर, कुठं गेलं असेल हो सगळं?"

मी म्हणालो, "तपासणीत जुनं साफ होतं, मॅडम. मी तुम्हाला विचारलं होतं." त्यांनी मान हलवली. विचारलं होतंच.

मग मी ते बोललो. आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. म्हणालो, "मॅडमचा फोन आला होता, हे खरंय. त्यांनी पासवर्डच्या मेलचं विचारलं, मी 'माझीच' म्हणालो. माझी मेल होतीच ना आदल्या दिवशीची. पत्त्याचं काही बोलल्याचं मला आठवत नाही. दोन मेल सारख्या दिसत होत्या. गडबडीत त्यांच्याकडून दुसरी उघडली गेली असेल. होतं असं, कुणाचंही होतं."

किती समजूतदार वाटतं ना? एकेक वाक्य घेतलं तर अर्ध्याहून जास्त खरं आहे. मी लोकांना हेच शिकवत होतो — फसवणारा कधी संपूर्ण खोटं बोलत नाही, खऱ्यामध्ये एवढंसं मिसळतो.

आबा म्हणाले, "मॅडम, सर म्हणत्यात तसं झालं आसंल का वो? आठवून बघा. रागवायचं न्हाय."

मी मॅडमना विचार करताना बघत होतो. त्या कुठल्या बाजूला निघाल्यात, ते मला दिसत होतं, आणि मी थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "झालं असेल. पत्ता बघितल्यासारखं मला अगदी वाटतंय... पण नसेलही बघितला."

बस. मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. फोनमधला पुरावा पुसायला दोन सेकंद लागले होते, आणि माणसाच्या मनातला पुसायला फक्त नीट आवाजात बोलावं लागलं.

परीक्षा अधिकारीपद काढून घेतलं. "तात्पुरतं" असं म्हणाले, ते परत कधी दिलं नाही. परीक्षा पार पडली, उशिरा का होईना. पण स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली ती थांबेना. मेलचं निमित्त असेल, आतून पेपरच बाहेर गेला असेल, असंही कुणी बोललं. ज्या बाईच्या शब्दाला कधी कुणी हटकलं नाही, तिच्या मार्कांच्या याद्या आता दोन-दोन जण पडताळायला लागले. एक दिवस चहाच्या टेबलाशी एकानं सुरुवात केली, "म्हणून म्हणत हुतो, ह्या लोकांच्या हातात..." आणि कोण-कोण बसलंय ते बघून गप्प झाला. वाक्य सगळ्यांना कळलं होतं. मलाही. तिथं फक्त मला माहीत होतं की त्यातला एकही शब्द खरा नाही. मी चहात साखर ढवळत राहिलो. साखर मी घेत नाही.

आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागलो. हो, मी त्यांच्यावर. त्यांना कळलंय का? आठवलंय का? त्या गप्प आहेत, ते कशासाठी? प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर पडल्या की मी आत काही कामाचं निमित्त काढून जायचो. त्या माझ्याशी नीट बोलल्या तरी मला संशय, बोलल्या नाहीत तरी संशय. कॉरिडॉरमध्ये हसल्या की वाटायचं, आता सांगणार. ह्या काळात खरं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि मला भीती फक्त त्यांचीच वाटायची.

प्रशिक्षणातही मी त्यांना सोडलं नाही. "एका मॅडमची गोष्ट" म्हणून सांगायचो. नाव घ्यायचो नाही. गरज नव्हती, सगळ्या माना एकाच बाजूला वळायच्या. मॅडम दुसऱ्या रांगेत बसलेल्या असायच्या, वहीत लिहून घ्यायच्या. घरी ही गोष्ट सांगितल्यावर बायको फक्त एवढंच म्हणाली होती, "ती बाई तुमच्या तोंडावर कशी ऐकून घेती वो? मी आसते तर उठून गेले आसते." तिला मी गोष्ट अर्थातच माझ्या पद्धतीनं सांगितली होती.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणे.

आता ते राहिलेलं. मी ते मागं ठेवलं, कारण इथवर तुम्ही मला भित्रा म्हणाला असाल, खोटारडा म्हणाला असाल. ते सहन होतं.

त्या दिवशी केबिनमध्ये मॅडमचा फोन हातात घेऊन मी रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला, तेव्हा माझा कॉल एकदम सापडला नाही. घाईत भलत्यालाच बोट लागलं. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "सुजा, पोचलीस का गं? बशीत जागा घावली का?" आणि मॅडमचा हसरा आवाज — कॉलेजात कधी न ऐकलेला — "व्हय दादा, खिडकीची घावली." "मग दमानं जा. डबा खा येळंवर."

दादा म्हणजे त्यांचे वडील. गुरुजी. ते आदल्या दिवाळीच्या आधी वारले होते. भेटायला आम्ही सगळे गावी गेलो होतो, मीही होतो. त्यामुळं मी काय ऐकतोय, हे मला पुरतं कळत होतं. त्याच्या खाली परत "दादा", त्याच्या खाली परत. स्क्रीन सरकवत गेलो तसं तेच नाव येत राहिलं, मधेमधे कॉलेजची माणसं, आणि पार शेवटी मी.

फक्त माझा कॉल पुसून बाकी सगळे ठेवता आले असते. मी तसं करायलाही घेतलं होतं. पण मग विचार केला — सगळे आहेत आणि नेमका त्याच दिवसाचा नाही, हे बघून कुणालाही शंका येईल. मला तरी आली असती. म्हणून सगळे निवडले आणि पुसले. चौकशीच्या खोलीत मॅडमचा चेहरा उतरला, तेव्हा आबांना आणि प्राचार्यांना वाटलं की पुरावा सापडत नाही म्हणून. त्या क्षणी त्यांना काय सापडत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

चौकशी झाल्यावर चार दिवसांनी त्या माझ्याकडं आल्या. मी खुर्चीतून उठलोच, वाटलं आता संपलं. त्या माफी मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, माझ्या गल्लतीत तुमचं नाव मधे ओढलं. मला असं करायला नको होतं. मनात ठेवू नका." आणि मी — मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. माझ्या मनात काही नाही." मी त्यांना माफ केलं.

दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. पर्समधून फोन काढला. "सर, एक विचारू का? त्यात दादांचे कॉल होते. मी कधी कधी ऐकायचे. पुसलेलं परत काढता येतं का हो?"

येतं. नेहमी येतंच असं नाही, पण मॅडमचे कॉल मेमरी कार्डवर साठायचे, आणि कार्डवरून पुसलेलं लवकर हात घातला तर पुष्कळदा येतं. त्याचा प्रोग्रॅम माझ्या संगणकात होता, स्टाफच्या लग्नाचे आणि बारशाचे पुसलेले फोटो मी त्यावर काढून दिलेले होते. पण दादांचा आवाज निघाला असता, तर त्याच्या बरोबर माझाही निघाला असता. आणि माझा तेवढा काढून टाकून बाकीचे दिले असते, तर तेवढाच का नाही, हा प्रश्न आला असता.

मी म्हणालो, "ठेवून जा. बघतो."

दिवसभर तो फोन माझ्या टेबलाच्या खणात होता. संध्याकाळी त्या इंदापूरची गाडी गाठायच्या आधी आल्या. मी फोन परत दिला आणि म्हणालो, "खूप प्रयत्न केला मॅडम. नाही निघत."

त्यांनी फोन दोन्ही हातांनी घेतला. मग माझ्याशी पहिल्यांदाच घरच्यासारखं बोलल्या. "तुमी येवढं केलंत सर, त्येच लई झालं."

मी ते कार्ड फोनमधून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं.